एका अंशाची ज्या : समरकंद ते काशी

#थ्रेड

१/ मोबाइलमधील गणकयंत्रावर १ अंशाची साइन मागितली, तर पापणी लवण्याच्या आत उत्तर उमटते : ०.०१७४५२४०६४... या संख्येकडे कोणी दुसऱ्यांदा पाहतही नाही. मात्र तिचे अंक मिळवण्यासाठी जगातील उत्तमोत्तम गणितज्ञ हजार वर्षांहून अधिक काळ झटत होते. त्या शोधातून बहुपदी समीकरणाची वास्तव मुळे अंकगणिताच्या बळावर काढण्याची एक अत्यंत देखणी रीत जन्माला आली. ही तिचीच कथा.

२/ प्रथम प्रश्न समजून घेऊ. वर्तुळाचा एक तुकडा म्हणजे चाप अथवा धनुष्य. त्याची दोन टोके जोडणारी रेषा म्हणजे जीवा, म्हणजेच धनुष्याची दोरी. दुप्पट कोनाच्या जीवेचा अर्धा भाग म्हणजे भारतीय ज्योतिषातील ‘ज्यार्ध’, व्यवहारात ‘ज्या’. आज शाळेत जिला साइन म्हणतात ती हीच, त्रिज्या १ मानलेली. ग्रीकांनी पूर्ण जीवेची कोष्टके केली, भारतीयांनी अर्ध्या जीवेची. पुढे जगाने भारतीय पद्धतच स्वीकारली.

३/ या शब्दाचा प्रवासही रंजक आहे. संस्कृतातील ‘जीवा’ अरबीत ‘जीबा’ झाली. अरबी लेखनात ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, म्हणून तो शब्द पुढे ‘जैब’ असा वाचला गेला. जैब म्हणजे वस्त्राचा खोळगा. लॅटिन भाषांतरकारांनी त्याच अर्थाचा ‘सायनस’ हा शब्द योजला आणि त्यातून साइन आली. हा धागा लक्षात ठेवावा. कथेच्या शेवटी तो पुन्हा हाती येणार आहे.

४/ ज्यांची कोष्टके हवीत कशाला? ग्रहाचे स्थान, ग्रहणाची वेळ, अक्षांश, नमाजाची दिशा अशा प्रत्येक गणितात ज्या लागते. कोष्टकात चूक असेल तर ती चूक पंचांगात उतरते. आणि कोष्टक रचण्याची पायरी म्हणजे १ अंशाची ज्या. ती एकदा हाती आली, की बेरीज-वजाबाकीच्या सूत्रांनी बाकीच्या ज्या काढता येतात. पायाच किंचित कलता असला तर वरचे मजले अधिकच कलतात.

५/ मग अडचण कोणती? नियमित पंचकोनावरून ७२ अंशांची जीवा भूमितीने काढता येते, षट्कोनावरून ६० अंशांची. त्यांच्या निम्म्यांवरून आणि फरकांवरून ३ अंशांची ज्याही अचूक मिळते, कारण १८ वजा १५ म्हणजे ३. तिला फक्त वर्गमुळे पुरतात. पण ३ अंशांवरून १ अंशावर यायचे, तर कोनाचे तीन समान भाग करावे लागतात. तिथे कंपास आणि पट्टी हतबल होतात.

६/ अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीला इ.स. दुसऱ्या शतकात हीच भिंत आडवी आली. १ अंशाची जीवा रेषांच्या आधारे मिळत नाही, हे त्याने ‘अल्माजेस्ट’मध्ये मान्य केले आणि पळवाट काढली. पाऊण अंशाची व दीड अंशाची जीवा त्याच्याकडे होती. त्या दोहोंच्या आधारे त्याने १ अंशाची जीवा वरून आणि खालून चिमटीत पकडली. व्यास १२० मानून उत्तर आले : १ भाग, २ कला, ५० विकला.

७/ हे उत्तर त्याच्या कोष्टकाला पुरेसे होते. परंतु चिमटीच्या दोन बोटांमध्ये फट कायमच राहते. दोन-तीन षष्ट्यंशांपलीकडे अधिक अंक हवे असतील तर या युक्तीत जागा नाही. टॉलेमीनंतर अनेकांनी चिमटा अधिक बारीक केला, पण तो चिमटाच राहिला. हवे तितके अंक देणारी रीत कोणापाशी नव्हती.

८/ भारतात आर्यभटाचे कोष्टक २२५ कलांच्या, म्हणजे पावणेचार अंशांच्या अंतराने २४ ज्या देते. इ.स. ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचणाऱ्या भास्कराचार्यांनी ‘ज्योत्पत्ति’ प्रकरणात अंशाअंशाने ज्या काढण्याची रीत दिली. तीत १ अंशाच्या ज्येचे मान त्रिज्येच्या १०/५७३ इतके येते. दशांशात मांडले तर ०.०१७४५२०. पहिली सहा स्थाने बिनचूक! चाळीसगावजवळील पाटण येथे ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापन केला, तेच हे भास्कराचार्य.

९/ आता बीजगणित. कोनाच्या तिप्पटीचे सूत्र असे : ३ अंशांची ज्या = ३ × (१ अंशाची ज्या) − ४ × (१ अंशाच्या ज्येचा घन). डावी बाजू ज्ञात आहे, तिला ‘स’ म्हणू. १ अंशाची ज्या अज्ञात, तिला ‘क्ष’ म्हणू. म्हणजे प्रश्न उरतो एका घन समीकरणाचा : ३क्ष − ४(क्ष-घन) = स. आकाशाचा प्रश्न येथे बहुपदीच्या मुळाचा प्रश्न होऊन बसतो.

१०/ या समीकरणाला तीन मुळे आहेत आणि तिन्ही वास्तव आहेत. पहिले म्हणजे १ अंशाची ज्या, दुसरे ५९ अंशांची ज्या आणि तिसरे ६१ अंशांची ज्या, पण ऋण चिन्हासह. कारण १, १२१ आणि २४१ या तिन्ही कोनांची तिप्पट घेतली तर वर्तुळावर एकच बिंदू येतो. यांपैकी सर्वांत लहान धन मूळ आपल्याला हवे आहे. हे ‘तिन्ही मुळे वास्तव’ असणे पुढे मोठे संकट ठरणार आहे.

११/ घन समीकरणे इस्लामी जगाला अपरिचित नव्हती. अकराव्या-बाराव्या शतकांतील उमर खय्यामने त्यांचे प्रकार पाडून शांकवांच्या छेदबिंदूंवरून त्यांची भौमितिक उत्तरे दिली. बाराव्या शतकात शरफुद्दीन अल-तूसीने अंकगणिती रीतीने मुळे काढली. चीनमध्ये छिन च्यूशाओ याच्या इ.स. १२४७ च्या ग्रंथात दहाव्या घाताचे समीकरणही अंकाअंकाने सोडवलेले आढळते. साधने होती, प्रश्नही होता. दोहोंना एकत्र आणणारा माणूस इराणातील काशान गावी राहत होता.

१२/ त्याचे नाव जमशीद, पदवी गियासुद्दीन, आणि गावावरून अल-काशी. त्याच्या आयुष्यातील पहिली निश्चित तारीख २ जून १४०६ ही आहे. त्या दिवशी काशानमध्ये त्याने चंद्रग्रहणाचे वेध घेतले. तैमूरचा मृत्यू नुकताच झाला होता, देश विस्कटला होता. जमशीदचे दिवस गरिबीत चालले होते. ग्रंथ लिहायचा, तो एखाद्या सत्ताधीशाला अर्पण करायचा आणि आश्रयाची वाट पाहायची, हा त्या काळच्या विद्वानाचा मार्ग त्यालाही चालावा लागला.

१३/ आश्रय अखेर समरकंदला मिळाला. तैमूरचा नातू उलुगबेग तिथे राज्य करीत होता आणि त्याचे मन तलवारीपेक्षा ताऱ्यांत रमत होते. त्याने मदरसा उभारला, जाणकार गोळा केले आणि शहराबाहेर टेकडीवर तीन मजली वेधशाळा बांधायला घेतली. जमिनीत खोल उतरणाऱ्या तिच्या दगडी चापाची त्रिज्या सुमारे ४० मीटर होती. अल-काशीने समरकंदहून वडिलांना लिहिलेली पत्रे आजही उपलब्ध आहेत आणि दरबारातील विद्वानांची पारख ती रोखठोकपणे करतात.

१४/ त्याची अचूकतेची ओढ कशी होती, याचे एक उदाहरण. १४२४ मध्ये त्याने वर्तुळाच्या परिघाचे व व्यासाचे गुणोत्तर काढायला घेतले. ब्रह्मांडाएवढे वर्तुळ घेतले तरी परिघातील चूक घोड्याच्या एका केसाच्या जाडीहून कमी राहिली पाहिजे, ही त्याने स्वतःला घातलेली अट होती. त्यासाठी ८० कोटींहून अधिक बाजूंच्या बहुभुजापर्यंत तो गेला आणि पायचे मान १६ दशांश स्थानांपर्यंत बरोबर आणले.

१५/ हाच माणूस १ अंशाच्या ज्येकडे वळला. त्याची युक्ती ऐकायला साधी आहे. समीकरण थोडे फिरवून मांडावे : क्ष = (स + ४ × क्ष-घन) ÷ ३. आता डावीकडेही क्ष, उजवीकडेही क्ष. जे शोधायचे तेच वापरायचे, हे प्रथमदर्शनी चक्राकार वाटते. पण क्ष स्वतःच लहान आहे, त्यामुळे त्याचा घन फारच लहान. उजवीकडच्या क्ष मध्ये थोडी चूक असली, तरी घनात ती जवळजवळ विरून जाते.

१६/ आजच्या दशांश अंकांत करून पाहू. ३ अंशांची ज्या = ०.०५२३३५९५६२...
घन सोडून दिला तर क्ष = ०.०१७४४५३१८...
हे मान उजवीकडे ठेवले तर क्ष = ०.०१७४५२३९७८...
पुन्हा ठेवले तर क्ष = ०.०१७४५२४०६४२...
आणखी एकदा, क्ष = ०.०१७४५२४०६४३७२७...
तीन फेऱ्या आणि चूक दशांश चिन्हानंतर चौदाव्या स्थानी जाऊन पोचली!

१७/ असे का होते? उजवीकडच्या क्ष मध्ये एक कणभर चूक असली, तर नव्या क्ष मध्ये तिचा ४ × क्ष-वर्ग इतकाच भाग उतरतो. इथे क्ष-वर्ग सुमारे ०.०००३०४६. म्हणजे प्रत्येक फेरीत चूक अंदाजे ८२० पटींनी घटते, जवळपास तीन नवे अंक हाती येतात. फेऱ्या कितीही वाढवाव्यात, अंक तितके मिळतात. टॉलेमीच्या चिमटीत जी फट कायमची होती, ती इथे हवी तितकी मिटवता येते.

१८/ अल-काशी मात्र दशांशात हे गणित करीत नव्हता. ज्योतिषाची भाषा साठाची होती, त्रिज्याही ६०. त्याच्या मापात समीकरण असे येते : क्ष = (२८२६.१४१६... + क्ष-घन) ÷ २७००. आणि त्याने पूर्ण फेऱ्या मारण्याऐवजी एकेक अंक खणून काढला. २८२६ ला २७०० ने भागले : भाग १, बाकी १२६.१४१६. पहिला अंक मिळाला, १.

१९/ आता या १ चा घन, म्हणजे १, बाकीत मिळवला : १२७.१४१६. त्याला ६० ने गुणून २७०० ने भागले, तर २.८२. दुसरा अंक २. मग १ भाग २ कला यांचा घन सुमारे १.१०३४, तो मूळ बाकीत मिळवून पुन्हा भागाकार केला, की पुढचा अंक ४९. त्यानंतर ४३. प्रत्येक नवा अंक हाती येताच घन सुधारायचा आणि सुधारलेला घन पुढचा अंक देणार. भागाकार चालू असतानाच भाज्य वाढत जाते, असा हा विलक्षण भागाकार होय.

२०/ अशा रीतीने तो दहा अंक खाली उतरला : १ भाग, २ कला, ४९ विकला, पुढे ४३, ११, १४, ४४... त्रिज्या १ मानून दशांशात लिहिले तर ०.०१७४५२४०६४३७२८३५. सोळाच्या सोळा स्थाने बरोबर. कागद, शाई, बोटे आणि धीर एवढीच सामग्री. या गणितात एकही अंक चुकला असता तर पुढचे सर्व अंक वाहून गेले असते. तो चुकला नाही.

२१/ २२ जून १४२९ रोजी अल-काशी समरकंदबाहेर, वेधशाळेपाशी मरण पावला. जीवा व ज्या यांवरील त्याचा मूळ ग्रंथ, ‘रिसाला अल-वतर वल-जैब’, आज उपलब्ध नाही. त्याची रीत जगाला कळते ती सहकारी काझीजादा रूमी याच्या आणि पुढे काझीजादाच्याच वंशातील मीरम चेलेबी याच्या लेखनातून. एका माणसाने केलेले काम दुसऱ्याने उतरवून ठेवले नसते, तर ते अंक उरले असते, पण ते कसे आले हे कोणालाच कळले नसते.

२२/ वेधशाळेचे काम अली कुशजी आदींनी पुढे नेले. १४३७ च्या सुमारास ‘झीज-ए-सुलतानी’ ही कोष्टके सिद्ध झाली. त्यात १०१८ ताऱ्यांची सूची होती आणि ज्यांचे कोष्टक अंशाअंशाचे नव्हे, कलाकलांचे होते. त्या हजारो नोंदींच्या मुळाशी १ अंशाची ज्या होती. पण राज्य चालवणे हे कोष्टक रचण्याइतके उलुगबेगला साधले नाही. १४४९ च्या ऑक्टोबरात त्याच्याच मुलाच्या, अब्दुल लतीफच्या हुकमाने त्याचा शिरच्छेद झाला.

२३/ वेधशाळा ओस पडली आणि कालांतराने जमीनदोस्त झाली. ती नेमकी कुठे होती हेही लोक विसरले. १९०८ मध्ये व्यात्किन या पुरातत्त्वज्ञाने तिची जागा हुडकली, तेव्हा जमिनीखालचा चाप तेवढा शिल्लक होता. कोष्टके मात्र तोवर दूरवर पोचली होती. अली कुशजी इस्तंबूलला गेला, विद्या पश्चिमेला गेली. हस्तलिखिते दक्षिणेलाही उतरली, हिंदुस्थानात. आता कथा काशीच्या घाटांवर येते.

२४/ गोदावरीकाठच्या गोलग्रामात दिवाकर नावाचा ज्योतिषी होऊन गेला. ‘ग्रहलाघव’कार गणेश दैवज्ञांचा तो शिष्य. त्याचे घराणे पुढे काशीत स्थायिक झाले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या मराठी ग्रंथात या घराण्याचा वृत्तान्त दिला आहे. याच कुळातील कमलाकराने इ.स. १६५८ मध्ये काशीत ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ हा ग्रंथ रचला.

२५/ कमलाकराच्या ग्रंथात तिप्पट कोनाच्या ज्येचे सूत्र आहे आणि कोनाच्या तिसऱ्या भागाची ज्या काढण्याची रीतही आहे. ज्येचा तृतीयांश घ्यावा, मग घनाच्या आधाराने त्यात दुरुस्ती करीत जावे. त्याने त्रिज्या ६० मानली. आर्यभटाच्या परंपरेतील ३४३८ सोडून समरकंदची ६०. उलुगबेगच्या परंपरेची ओळख त्याला होती. ज्या ‘जीवे’ला अरबांनी ‘जैब’ केले, ती नवी रीत बरोबर घेऊन पुन्हा संस्कृतात परतली.

२६/ पुन्हा पुन्हा तेच गणित करून उत्तर स्थिर होईपर्यंत थांबायचे नाही, ही कल्पना भारतीय ज्योतिषाला नवखी नव्हती. तिला ‘असकृत्कर्म’ म्हणत. असकृत् म्हणजे एकदाच नव्हे, वारंवार. ग्रहाचा मंदकर्ण काढताना पहिल्या भास्कराच्या काळापासून ती वापरात होती. म्हणूनच काशीतल्या पंडिताला समरकंदची रीत परकी वाटण्याचे कारण नव्हते. दोन परंपरा वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी आल्या होत्या.

२७/ कमलाकर उदारमतवादी होता, असा समज मात्र करून घेऊ नये. ‘सूर्यसिद्धान्त’ त्याला अपौरुषेयासारखा प्रमाण होता, आणि भास्कराचार्यांवर त्याने कठोर टीका केली. काशीतच वऱ्हाडातून आलेल्या दुसऱ्या घराण्याचा मुनीश्वर हा भास्कराचार्यांचा कैवारी. दोन्ही घराण्यांत ग्रंथांमधून खडाजंगी चाले. ग्रंथप्रामाण्यावर अडून बसणारा हाच पंडित गणितात मात्र दूरदेशीची रीत निःसंकोच घेतो. इतिहासातील माणसे एका रंगाची नसतात, ती अशी.

२८/ अठराव्या शतकात जयपूरच्या सवाई जयसिंहाने वेधशाळा उभारल्या, त्या उलुगबेगचाच आदर्श समोर ठेवून. त्याच्या पदरच्या जगन्नाथ सम्राटाने अल्माजेस्टचे अरबीवरून संस्कृतात रूपांतर केले, आणि १ अंशाच्या ज्येच्या संदर्भात जमशीद काशीच्या रीतीची दखल घेतली. काशानच्या त्या ज्योतिष्याचे नाव तीनशे वर्षांनंतर देवनागरीत लिहिले जात होते.

२९/ दरम्यान युरोपात काय घडले? १५४५ मध्ये कार्दानोने घन समीकरणाचे सूत्र प्रसिद्ध केले. म्हणजे अल-काशीची मेहनत व्यर्थ ठरली का? मुळीच नाही. ज्या घन समीकरणाची तिन्ही मुळे वास्तव व भिन्न असतात, तिथे ते सूत्र ऋण संख्यांच्या वर्गमुळांत गुरफटते. ती गुंतवळ सोडवायला पुन्हा कोनाचे तीन भागच करावे लागतात. १ अंशाची ज्या नेमकी याच जातीची! सूत्र हाती आले, पण या मुळाचे अंक त्यातून बाहेर येईनात.

३०/ पुढे १८३७ मध्ये फ्रान्सच्या वांत्झेलने सिद्ध केले की कंपास-पट्टीने कोणत्याही कोनाचे तीन समान भाग करण्याची सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. टॉलेमीच्या वाटेतली भिंत खरोखरच अभेद्य होती. अल-काशीने ती फोडण्याचा हट्ट धरला नाही. ‘अचूक सूत्र मिळेल का’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘हवे तितके अंक मिळतील का’ हा प्रश्न त्याने विचारला आणि त्याचे पूर्ण उत्तर दिले.

३१/ हाच प्रश्न पुढे सर्वांचा झाला. १५९३ मध्ये फान रोमेनने जगापुढे ४५ व्या घाताचे समीकरण टाकले. फ्रान्सच्या व्हिएतने त्यात कोनाचे ४५ भाग दडलेले ओळखले आणि त्याची २३ धन मुळे दिली. १६०० मध्ये त्याने समीकरणे अंकांनी सोडवण्यावर स्वतंत्र ग्रंथ छापला. १६६९ मध्ये न्यूटनने क्ष-घन − २क्ष − ५ = ० या उदाहरणावर आपली रीत दाखवली; १६९० मध्ये रॅफसनने ती सुटसुटीत केली. आजचे संगणक समीकरणांची मुळे शोधताना असाच अंदाज, दुरुस्ती, पुन्हा अंदाज हा क्रम चालवतात.

३२/ ‘अंदाज’ हा शब्द आपल्याकडे थोडा हलका मानला जातो. सूत्राने आलेले उत्तर खरे आणि अंदाजाने आलेले कामचलाऊ, अशी समजूत असते. १ अंशाच्या ज्येची कथा वेगळे सांगते. ज्या अंदाजात चूक किती उरली हे माहीत असते आणि ती हवी तितकी कमी करता येते, तो अंदाज हेच ज्ञान होय. घोड्याच्या केसाची अट घालणाऱ्या माणसाला हा भेद पक्का ठाऊक होता.

३३/ शेवटी एक सुचवणी. घन काढता येईल असे साधे गणकयंत्र घ्यावे. ०.०५२३३५९५६२ ही संख्या लिहून ठेवावी. तिचा तृतीयांश काढावा. त्याचा घन करून चारने गुणावा, मूळ संख्येत मिळवावा, तिनाने भागावे. आलेले उत्तर घेऊन पुन्हा तेच करावे. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर पडद्यावरचे अंक हलायचे थांबतात. समरकंदच्या टेकडीवर एका माणसाने सहाशे वर्षांपूर्वी हेच अंक स्थिरावताना पाहिले होते. त्याची वेधशाळा पडली, ग्रंथ हरवला. अंक जागचे हललेले नाहीत.

(समाप्त)

#इतिहास #गणित #मराठी